पहिल्याच पानावर वारलेले शशीकाका

वरदाने हळदीकुंकवाचा करंडा सुप्रभाताईंपुढे आणला, आणि मध्येच थबकून तो शेजारणीकडे वळवला. सुप्रभाताईंच्या हातावर नुसता तिळगूळ पडला.

लंडनच्या पिनर भागातल्या हॉलमधलं संक्रांतीचं हळदीकुंकू सुप्रभाताईंनी कधी चुकवलं नव्हतं. "अगं वरदा, कुंकू राहिलं माझं."

"काकू, देविकाचं पुस्तक वाचलं आम्ही." वरदाने त्यांचा हात दाबला. "काकांचं वाचून रडले हो मी."

आत्ता उलगडा झाला. लेकीच्या कादंबरीला मोठं बक्षीस मिळालं होतं, आज इथे तिचा सत्कारही होता. घर त्यांचंच, सोमवार-चतुर्थ्या करणारी आई तीच, देव्हारासुद्धा हुबेहूब. फक्त वडील पहिल्याच पानावर वारले होते. वडील धडधाकट असले की दुःखाला जागा उरत नाही, असं संपादकबाईंचं मत पडलं होतं.

"अगं, ते जिवंत आहेत! नेहमीसारखे बाहेर गाडीत बसलेत!"

"हो ना काकू," शेजारी बसलेली वैभवी हळुवारपणे म्हणाली, "आपली माणसं कुठे जात नाहीतच."

"मंगळसूत्रही घालतात अजून. किती प्रोग्रेसिव्ह!" मागून कुणीतरी कुजबुजलं. कौतुक झालं, करंडा मात्र परत फिरला नाही.

सुप्रभाताईंनी फोन लावला. "अहो, आत या. असाल तसे या."

लोकरी टोपी घातलेले शशीकाका दारात आले. सगळ्या माना दाराकडे वळल्या. मग वैभवीने समजूतदारपणे मान हलवली. "बरं केलंत काकू. या वयात सोबत हवीच." आणि काकांपुढे लाडवाची बशी धरून विचारलं, "वेलकम हं! मराठी समजतं ना तुम्हाला?"

तेवढ्यात सत्कारमूर्ती देविका आली. सुप्रभाताईंनी तिला कोपऱ्यात घेतलं. "माइकवर सांग, तुझे बाबा जिवंत आहेत म्हणून."

"आई, प्लीज! लोक त्या डेथसाठी रडले. आता काय सांगू, डॅड कार पार्क करत होता?"

"अगं, इथे सगळ्यांनी माझं दुसरं लग्न लावून टाकलंय!"

"काय? सेकंड मॅरेज?" देविकाचे डोळे लकाकले. "ओ माय गॉड, आई, माझा नेक्स्ट बुक हाच!"

वरदाच्या हातातला करंडा घेऊन सुप्रभाताईंनी स्वतःच ठसठशीत कुंकू लावलं.

"लिही हो बाळा. पण त्या पुस्तकात आम्हा दोघांना मूलबाळ नको."

"व्हाय?"

"एकदा तरी शेवट गोड होऊ दे," असं म्हणत त्यांनी लेकीच्या हातावर तिळगूळ ठेवला.