हळदगव्हाणची समुद्रसपाटीपासूनची उंची

माझ्या हातून चूक होत नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे! नांदेडच्या तंत्रनिकेतनातून मी स्थापत्य विषयाची पदविका घेतली, त्यानंतर छत्तीस वर्षे पाटबंधारे खात्यात काढली, आणि या काळात मी आखलेला एकही कालवा चढावर गेला नाही. माझ्या सहकाऱ्यांच्या कालव्यांविषयी असे ठामपणे म्हणता येत नाही.

निवृत्तीनंतर मी आंतरजालावरील मुक्त ज्ञानकोशाकडे वळलो. हा ज्ञानकोश कोणीही लिहू शकतो. हेच त्याचे वैशिष्ट्य आणि हाच त्याचा रोग! नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील गावांचे लेख मी प्रथम उघडले तेव्हा मला अक्षरशः घेरी आली. एका गावाच्या लेखात 'हवामान' या मथळ्याखाली एकच वाक्य होते: "हवामान चांगले आहे." दुसऱ्या गावाच्या 'प्रेक्षणीय स्थळां'मध्ये लेखकाच्या मेहुण्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते. तिसऱ्या गावाची लोकसंख्या होती "भरपूर"!

हा उकिरडा उपसण्यासाठी मी तिघांचे एक मंडळ स्थापन केले. पहिला सदस्य मी. दुसरा आदिनाथ, लोह्याच्या शाळेतील शिक्षक. विशेषण जोडल्याशिवाय नदी पुढे वाहत नाही, अशी याची श्रद्धा. तिसरे बसवंतअप्पा. हे लातूरचे डाळींचे व्यापारी, दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले. त्यांना लेख लिहिणे जमत नव्हते. पण सांगितलेले ते तंतोतंत ऐकत, आणि हा गुण मी खात्यात कोणात पाहिला नव्हता.

मंडळासाठी मी तीन नियम केले. संदर्भाशिवाय आकडा लिहायचा नाही. लेखकाचे स्वतःचे म्हणणे हा संदर्भ होत नाही. आणि संदर्भ असलेला आकडा नव्या छापील संदर्भाशिवाय कोणीही काढायचा नाही. 'कोणीही' हा शब्द मी अधोरेखित केला होता. तो आदिनाथसाठी होता.

मग आदर्श म्हणून मी माझ्या मूळ गावाचा, लोहा तालुक्यातील हळदगव्हाणचा, लेख स्वतः लिहिला. काय तो लेख! उंचीच्या रकान्यात मी लिहिले: "समुद्रसपाटीपासून १००.००० मीटर (महादेव मंदिराची पायरी)". खाली संदर्भ: पाटबंधारे उपविभाग, लेव्हल बुक (उंचीच्या मोजणीची वही) क्रमांक १४, पान ६.

आदिनाथचा लगेच फोन आला. "सर, शंभरच्या पुढं हे तीन शून्य कशाला?"

"मिलिमीटरपर्यंतची अचूकता आहे ती!"

"अन् हे लेव्हल बुक कुठं बघायला मिळंल?"

"माझ्या ट्रंकेत."

"तुमचं कामच वेगळं सर," असे तो म्हणाला. मी ते कौतुक म्हणून घेतले.

याच सुमारास हळदगव्हाणलाच राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने, गुंडप्पाअण्णांनी, माझ्यावर एक काम सोपवले. त्यांचा संगमेश्वर चौतीस वर्षांचा झाला होता. लोह्यात ठिबक सिंचनाचे दुकान, घरची वीस एकर शेती, निर्व्यसनी. तरीही नऊ मुलींनी नकार दिला होता, आणि नऊही वेळा कारण एकच: "खेड्यात राहणार नाही." अण्णांनी आता स्थळे शोधणे सोडून दिले होते. संगमेश्वराने तर नवीन शर्ट घेणेही सोडले होते.

मी बसवंतअप्पांपाशी विषय काढला. त्यांची शिवकन्या लातूरच्या एका प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करी. तिला स्वतःची प्रयोगशाळा काढायची होती, आणि ती लोह्यात काढायलाही तिची तयारी होती! पत्रिका जमल्या, फोटो आवडले. पुढच्या सोमवारी बसवंतअप्पा होकार कळवणार होते. निलंग्याचे एक स्थळ त्यांनी तोवर थोपवून धरले होते. अण्णांनी माझ्यासाठी घरचे तूप पाठवले. माझी पत्नी शरणम्मा आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, "त्या कॉम्प्युटरचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा!"

बुधवारी बसवंतअप्पांचा फोन आला. आवाज डाळीतल्या खड्यासारखा.

"साहेब, मी पोरीला तुमच्या गावात देऊ का पाण्यात बुडवू?"

"म्हणजे?"

"तुमच्या गावाचा लेख वाचला. उंची शंभर मीटर. मग गावाशेजारच्या तलावाचा लेख वाचला. तोबी तुम्हीच लिहिलाय. भरल्यावर पाण्याची पातळी चारशे बारा मीटर. अंतर तीन किलोमीटर. मी वजाबाकी केली. तीनशे बारा मीटर पाणी पोरीच्या डोक्यावर!"

मी हसलो. "अप्पा, त्या आदिनाथने तलावाचा आकडा बिघडवला असेल. त्याला सवय आहे."

"मी हसून न्हाई राहिलो," ते म्हणाले. "त्र्याण्णवला आम्ही किल्लारीच्या बाजूला राहत होतो. तवापासून मी जमिनीची चेष्टा करत न्हाई."

माझे हसू जागच्या जागी थांबले. मी फोन ठेवला आणि आदिनाथला झाप झाप झापले. तो शांतपणे म्हणाला, "सर, संपादनाचा इतिहास बघा. दोन्ही आकडे तुमचेच हायेत. मी तिथं फक्त 'रम्य' लिहिलं होतं, तेबी तुम्ही काढलं."

मी ट्रंक उघडली. लेव्हल बुक क्रमांक १४. पान सहा: महादेव मंदिराची पायरी, १००.०००. बरोबर! मग मी पहिले पान उघडले. तिथे माझ्याच वळणदार हस्ताक्षरात, लाल शाईने लिहिले होते: "जवळपास अधिकृत उंची उपलब्ध नसल्याने मंदिराची पायरी १००.००० मीटर गृहीत धरली आहे."

ज्यांना तांत्रिक शिक्षण लाभलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. अधिकृत उंचीचा दगड आसपास नसेल, तर मोजणीदार समोरची एखादी पायरी शंभर मीटरवर आहे असे मानतो आणि बाकी सर्व तिच्या तुलनेत मोजतो. कामापुरते ते चालते. ती समुद्रापासूनची उंची नसते, हे तंत्रनिकेतनात पहिल्या आठवड्यात शिकवतात. पहिल्या आठवड्यात मी हजर होतो. माझ्याकडे हजेरीचा पुरावा आहे.

मी ताबडतोब लेखातला आकडा काढून टाकला. पाच मिनिटांत आदिनाथने तो परत आणला! शेरा होता: "संदर्भ असलेला आकडा नव्या छापील संदर्भाशिवाय काढू नये. नियम तिसरा." मी पुन्हा काढला. त्याने पुन्हा आणला. मी लिहिले, "हा आकडा माझाच आहे आणि तो चुकीचा आहे, हे मी स्वतः सांगतो!" त्याने उत्तर दिले, "लेखकाचे स्वतःचे म्हणणे हा संदर्भ होत नाही. नियम दुसरा." चौथ्यांदा काढल्यावर ज्ञानकोशावर देखरेख ठेवणाऱ्या मुंबईच्या कोणा प्रचालकाने माझे खाते तीन दिवसांसाठी बंद केले. कारण: "हळदगव्हाण लेखाची नासधूस."

नासधूस! मी!

तोवर प्रकरण गावात पोहोचले होते. कोणीतरी तो लेख गावाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकला. अण्णांचा फोन आला. "आरं मल्लिनाथ, आपलं गाव खड्ड्यात हाय म्हणं?"

"नाही अण्णा, ती गृहीत उंची..."

"सरपंच म्हणून राहिलाय, सरकारनं ज्ञानकोशात मान्य केलंय. ग्रामपंचायतीनं दोन होड्यांचा ठराव घेतलाय!"

"गावात होड्या कोणाला चालवता येतात?"

"कोणालाच न्हाई. म्हणून प्रशिक्षणाचाबी ठराव घेतला." मग त्यांचा आवाज खाली आला. "ते राहू दे. लातूरकर काय म्हणाले? संगम्या सकाळपासून जेवला न्हाई."

मी लातूरला फोन करून सर्व कबूल केले. माणसाने एवढे कबूल केल्यावर प्रकरण मिटायला हवे. बसवंतअप्पा म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणून कसं मानू साहेब? तुमच्या बोलण्याला संदर्भ न्हाई. तुम्हीच शिकवलं." मी त्यांना मोबाइलवर उंची बघायला सांगितले. त्यांच्या भाच्याने गावात जाऊन पाहिली. पायरीवर मोबाइल म्हणाला चारशे पाच, आणि दोन मिनिटांनी त्याच पायरीवर म्हणाला चारशे चाळीस. "तुमची पायरी लिफ्ट हाय का?" बसवंतअप्पांनी विचारले.

एकच मार्ग उरला. तलावाच्या बांधावर अधिकृत उंची कोरलेला दगड आहे. त्यापासून मंदिरापर्यंत तीन किलोमीटर मोजणी करायची, बसवंतअप्पांच्या डोळ्यांदेखत! लोह्याच्या एका जुन्या ठेकेदाराकडून मी मोजणीची दुर्बीण आणि आकड्यांची उभी पट्टी मागून आणली. रविवारी सकाळी बसवंतअप्पा जीपमधून उतरले. मागून शिवकन्या उतरली.

"ही कशाला?" मी विचारले.

"राहायचं मला आहे ना काका," ती म्हणाली. "मग पाणी कुठपर्यंत येतं ते मीच बघते."

संगमेश्वराने पट्टी धरायची, मी दुर्बिणीतून आकडा वाचायचा, बसवंतअप्पांनी लिहायचा, अशी विभागणी झाली. तिसऱ्या आकड्याला मी वही पाहिली. त्यांनी १.७५० च्या जागी "पावणेदोन" लिहिले होते. शिवकन्येने वही काढून घेतली. "पप्पा, तुम्ही छत्री धरा."

एक किलोमीटरनंतर माझे डोळे पाणावू लागले. केवळ उन्हामुळे! नाइलाजाने दुर्बीणही तिच्याकडे गेली. तिने डोळा लावला आणि दचकली. "काका, हे उलटे दिसतायत! डोकं खाली, पाय वर!"

"दुर्बीण जुनी आहे. तिच्यात सगळे उलटेच दिसते. तू आकडा वाच."

ती वाचू लागली. एके ठिकाणी एक म्हैस येऊन संगमेश्वराच्या पाठीला अंग घासू लागली. बसवंतअप्पा ओरडले, "अहो, सरका बाजूला!" तो तिथूनच ओरडला, "सरकलो तर पट्टी हलंल! आधी आकडा घ्या!" शिवकन्येने आकडा घेतला. मग पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. मग आणखी एकदा. मी विचारले, "आकडा तोच आहे ना?"

"हो काका. खात्री करत होते."

एकाच आकड्याची खात्री तिने सात वेळा केली. मला तिची चिकाटी फार आवडली. शरणम्माला हे सांगितले तेव्हा तिने कपाळाला हात लावला. का ते मला अद्याप कळलेले नाही.

दुपारी दोन वाजता आम्ही पायरीशी पोहोचलो. वही माझ्या हाती न देता शिवकन्येने बेरीज केली, पुन्हा तपासली, आणि म्हणाली, "चारशे एकवीस पूर्णांक सहा. तलाव भरला तरी गाव साडेनऊ मीटर वर."

बसवंतअप्पा पायरीवर टेकले. छत्री मिटून त्यांनी बराच वेळ जमिनीवर हात ठेवला होता. मग मुलीला म्हणाले, "मग काय कळवू यांना?"

"कळवायचं काय पप्पा? ते इथंच उभे आहेत." संगमेश्वराने अजून पट्टी सोडली नव्हती. "त्यांना म्हणावं, आता खाली ठेवली तरी चालेल."

अशा रीतीने सोयरीक जुळली आणि श्रेय अर्थातच मोजणीला गेले. प्रश्न उरला लेखाचा. आदिनाथ अजूनही छापील संदर्भ मागत होता. बसवंतअप्पांनी तो उपलब्ध करून दिला! त्यांच्या निम्म्या नातलगांनी होड्यांची बातमी ऐकली होती. म्हणून त्यांनी लग्नपत्रिकेवर छापून घेतले: "विवाहस्थळ: श्री महादेव मंदिराचे प्रांगण, मु. हळदगव्हाण, ता. लोहा (समुद्रसपाटीपासून उंची ४२१.६ मीटर)". आदिनाथने निमूटपणे आकडा बदलला. तळटीप क्रमांक एक: संगमेश्वर-शिवकन्या शुभविवाह निमंत्रणपत्रिका.

लग्न थाटात झाले. दुसऱ्या दिवशी मी लेख उघडला, तर त्या तळटिपेपुढे आदिनाथने शेरा मारलेला: "हा संदर्भ विश्वासार्ह वाटत नाही. यात अक्षतांची वेळ दुपारी १२.३५ दिली आहे. प्रत्यक्षात अक्षता ३.१० ला पडल्या. पत्रिकेतील इतर आकडेही तपासावेत."

मी त्याला अद्याप उत्तर दिलेले नाही. उशीर कोणामुळे झाला, हे तो विचारील. आता तुमच्यापासून काय लपवायचे! मांडवाचा उतार एका बाजूला अडीच सेंटिमीटर जास्त भरत होता, आणि तो दुरुस्त होईपर्यंत मी नवरदेवाला हातातली पट्टी सोडू दिली नव्हती.