पंचेचाळीसची टोपी

शनिवारी दुपारी आर्लो ट्वाइटच्या पिस्तुलातून एक पोलादी टोपी सुटली, स्वयंपाकघराच्या छतावर 'टिंग' करून आपटली आणि नाहीशी झाली. खाली पडल्याचा आवाज आलाच नाही. आर्लोने थोडा वेळ कान देऊन वाट पाहिली, मग टेबलाला धरून कण्हत गुडघ्यांवर बसला आणि फ्रिजखाली डोकावला. तिथे एक सुकलेला वाटाणा आणि मार्डेलचं हरवलेलं पेन होतं. टोपी नव्हती.

'जेवायच्या टेबलावर पिस्तूल उघडायचं नाही' हा मार्डेलचा लग्नापासूनचा कायदा. पस्तीस वर्षांत आर्लोने तो एकदाही मोडला नव्हता. पण सप्टेंबर संपायच्या आतच गॅरेजमध्ये गारठा शिरला होता, आणि गारठ्यात त्याचा उजवा अंगठा वाकायचं नाव घेत नसे. मार्डेल मागच्या वाफ्यातून कांदे आणायला गेली होती. दोनच मिनिटांचं काम, असं म्हणून आर्लो टेबलाशी बसला. जगातले निम्मे घोटाळे या दोन मिनिटांतच होतात.

त्या अंगठ्यावर गुरुवारी शस्त्रक्रिया होती. डॉक्टरबाईंनी चमचा धरता येईल इथपर्यंत हमी दिली. पिस्तुलाचं विचारल्यावर त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. म्हणजे उद्याचा रविवारचा सामना बहुधा आर्लोचा शेवटचा. नेमबाजीच्या क्लबाच्या भिंतीवर एक लाकडी फळी होती आणि सत्तावीसशेपैकी चोवीसशे तीस गुण एकदा तरी मिळवलेल्या प्रत्येकाचं नाव तिच्यावर कोरलेलं होतं. आर्लो गेली एकोणीस वर्षं त्या फळीखाली उभा राहून कॉफी पीत होता. त्याची आजवरची मजल चोवीसशे बावीस.

सामन्यात सकाळी नव्वद गोळ्या बारीक, म्हणजे बावीसच्या, आणि जेवणानंतर एकशे ऐंशी जाडजूड, म्हणजे पंचेचाळीसच्या. बाकीचे लोक त्यासाठी दोन पिस्तुलं आणत. आर्लोचा अंगठा मात्र एकाच मुठीला राजी होता. ती मूठ त्याने अख्खा हिवाळा कानस घासून स्वतःच्या हाताबरहुकूम केली होती. मग त्याने त्या एकाच मुठीवर दोन संसार थाटले. सकाळी वरचा भाग बावीसचा, दुपारी तो उतरवून पंचेचाळीसचा. मूठ तीच, चाप तोच.

पंचेचाळीसच्या भागात एक दणकट स्प्रिंग असते आणि तिच्या तोंडावर शिंप्याच्या अंगुस्तानाएवढी टोपी बसते. भाग काढताना टोपी बोटाने दाबून धरायची असते. आर्लोचं बोट निसटलं. बरं, ती टोपीही त्याने स्वतः लेथवर केलेली, मापाला जरा मोठी, त्यामुळे दुसऱ्या कुणाची चालणार नव्हती. आणखी एक करून ठेवायचं तो चार वर्षं ठरवत होता.

दार वाजलं. आर्लोने पिस्तूल झटकन टॉवेलखाली सारलं.

"जमिनीवर काय करतोयस?" मार्डेलने विचारलं.

"तुझं पेन सापडलं."

मार्डेलने पेन घेतलं, हात धुतले आणि ओट्याकडे वळली. ओट्यावर उद्याच्या क्लबातल्या जेवणासाठी हॉटडिशचा भलामोठा ट्रे उघडा पडला होता: खिमा, घट्ट सूप आणि मशरूम. तिने कांदा पसरला आणि वर बटाट्याचे छोटे गोळे ओळीने मांडायला घेतले. एका ओळीत चौदा. आर्लोने छताकडे पाहिलं. नव्या ओरखड्यापासून त्याची नजर सरळ खाली आली आणि ट्रेवर थांबली. टोपी त्यातच पडली असणार.

मार्डेल फोन घ्यायला गेली तसा त्याने लोहचुंबक ट्रेवरून फिरवला. पण टोपी होती चुंबकाला न जुमानणाऱ्या पोलादाची. ते पोलादही त्यानेच हौसेने निवडलेलं. मग त्याने मार्डेलची विणायची सुई घेतली आणि दोन गोळ्यांच्या मधून हलकेच खुपसली. तिसऱ्यांदा खुपसताना मार्डेल दारात उभी.

"काय चाललंय?"

"शिजलंय का बघतोय."

"आर्लो, ते अजून ओव्हनमध्ये गेलेलं नाही."

"हो, म्हणून कच्चं लागतंय."

खरं सांगून टाकणं सोपं होतं, पण ते त्याच्याने होईना. कारण निव्वळ कायद्याचं नव्हतं. क्लबाच्या जेवणात मार्डेलची हॉटडिश कुणी खात नसे. ती मशरूम दुप्पट घालायची. शेजारच्या डेल्बर्ट क्लेमेट्सनची बायको इनेझ हिचे हॅमचे रोल दहा मिनिटांत संपत आणि मार्डेलचा ट्रे पाऊण भरलेला घरी परत येई. ती काही बोलत नसे, कागद लावून ट्रे फ्रिजमध्ये ठेवत असे. मग दोघं बुधवारपर्यंत तेच खात. आर्लोला तर मशरूम बघवतही नसत. आता त्यात लोखंड सापडतं असं कळलं असतं, तर ती पुन्हा क्लबाची पायरी चढली नसती. जेवताना गुपचूप शोधायचं, असं त्याने ठरवलं.

रविवारी सकाळी बावीसने कमाल केली. नऊशेपैकी आठशे एकावन्न. लोक येऊन म्हणाले, "वाईट नाही हं." त्या भागात याहून मोठी शाबासकी कुणी देत नाही. दुपारी अठराशेपैकी पंधराशे एकोणऐंशी मिळाले की नाव फळीवर. फक्त दुपारचं पिस्तूल हॉटडिशमध्ये होतं.

जेवणाच्या रांगेत आर्लो सगळ्यांत पुढे. त्याने ट्रेच्या कोपऱ्यात खोल चमचा घातला, ताट भरलं आणि एकेक मशरूम काट्याने उलटून बघत खाऊन टाकलं. टोपी नव्हती. तो परत उठला.

मागे उभा असलेला डेल्बर्ट चकित झाला. हा गडी नेमबाजीत एकोणीस वर्षं आर्लोच्या शेजारच्या जागेवर उभा राही आणि दरवर्षी त्याला हरवी.

"बरा आहेस ना रे?"

"छान झालंय," आर्लो म्हणाला.

"मशरूम घातलेत त्यात."

"म्हणूनच."

डेल्बर्टने भुवया उंचावल्या आणि स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. आर्लो तिसऱ्यांदा उठला तेव्हा मात्र सगळ्यांच्या माना वळल्या. मशरूमचा जन्मवैरी तीनदा उठतोय म्हणजे आज काहीतरी वेगळं असणार. एक उठला, दोघं उठले, मग रांगच लागली. आर्लोच्या डोळ्यांदेखत बेचाळीस माणसं त्याची टोपी खायला निघाली. पलीकडे मार्डेल कागदी रुमाल वाटत होती आणि तिचे गाल लाल झाले होते. "घे ना अजून," ती एकेकाला म्हणत होती.

शेवटी ट्रेमध्ये एक चौकोन उरला. आता शेवटचा घास घ्यायचा नाही, ही तिथली रीत. कुणीतरी येऊन त्याचा अर्धा घेतला. मग दुसऱ्याने त्या अर्ध्याचा अर्धा. पोस्टमास्तरीणबाईंनी जे उरलं त्याचेही काटकोनात दोन भाग केले. आर्लोला राहवेना. तो उठला आणि सगळ्या क्लबासमोर तो शेवटचा तुकडा सरळ आपल्या ताटात ओढला. पोस्टमास्तरीणबाईंचा चमचा हवेतच राहिला. डेल्बर्टने मात्र थट्टा केली नाही. तसा तो मघापासून कशालाही नुसतं "हं" म्हणत होता.

त्या तुकड्यातही टोपी नव्हती.

दहा मिनिटांनी सगळे आपापल्या जागेवर पंचेचाळीस काढून मांडायला लागले. आर्लोच्या टेबलावर मूठ होती, नळी होती, स्प्रिंग होती. सामना चालवणारी रोंडा रेषेवरून फिरत होती. तिला सांगायचं आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं. एकोणीस वर्षं, आणि शेवट असा. त्याने हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात डेल्बर्टने त्याच्या तळहातावर कागदी रुमालाची पुरचुंडी ठेवली. आत टोपी होती, स्वच्छ धुतलेली.

"कुठे सापडली?"

"डाव्या दाढेखाली. पहिल्याच घासाला."

"मग तेव्हाच काढली का नाहीस?"

"मार्डेल समोर उभी होती ना." डेल्बर्टने गाल चोळला. "जेवण होईपर्यंत धरून ठेवली गालात. धुतल्यावर ओळखली. एवढी जाड टोपी दुसरा कोण करणार?"

"आणि दाढ?"

"अर्धी आहे अजून."

त्या गावात पुरुषमाणसं आभाराचं तोंडाने बोलत नाहीत, पण आर्लो बोलला. "डेल्बर्ट, फार उपकार झाले. मी हे विसरणार नाही."

डेल्बर्टने घाईघाईने आभाळाकडे पाहिलं. "वारा पडलाय," तो म्हणाला. "बसव ती लवकर."

आणि मग मौज झाली. एरवी नेम धरताना आर्लो झाडाच्या शेंड्यासारखा डुलायचा. आज पोटात हॉटडिशची चार ताटं होती. तो जागचा हलूच शकत नव्हता. गोळीमागून गोळी मधल्या काळ्या वर्तुळात जात राहिली. शेवटच्या निशाणापाशी सगळे चालत गेले. शेजाऱ्याचे गुण शेजाऱ्याने मोजायचे हा नियम, म्हणून आर्लोचा कागद डेल्बर्टकडे. त्याने दोनदा बेरीज केली आणि एका भोकावर बोट ठेवलं. ते भोक दहाच्या रेषेला चिकटलं होतं, किंवा नव्हतं. दहा धरले तर चोवीसशे तीस, नऊ धरले तर एकोणतीस.

"रोंडा, हे तू मोज," डेल्बर्ट म्हणाला.

"का? तुझं काम आहे ते."

"याच्या पिस्तुलाचा भाग तासभर माझ्या तोंडात होता. मी निःपक्षपाती नाही."

रोंडाने काही न कळून त्याच्याकडे पाहिलं, भोकात मापाचा खुंटा घातला, भिंग लावलं आणि बराच वेळ वाकून राहिली.

"शिवलंय रेषेला. दहा."

आर्लोने चष्मा काढून पुसला. नंतर पुन्हा पुसला.

घरी जाताना गाडीत मांडीवर रिकामा ट्रे घेऊन मार्डेल बसली होती. एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदाच रिकामा चालला होता. आर्लोला ते सहन होईना. त्याने टेबल, टोपी, सुई सगळं कबूल केलं. दाढेचंही सांगितलं.

"माहीत आहे मला," मार्डेल म्हणाली. "पहिल्या ताटालाच कळलं. तू जेवत नव्हतास, झडती घेत होतास. आणि डेल्बर्टचा गाल मला दिसत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू शोधत होतास, पण बाकीचे तर जेवत होते ना, आर्लो? पोस्टमास्तरीणबाईंनी कृती मागितली. इनेझनेही." तिने ट्रेच्या कडेवरून हात फिरवला. "कुणी विचारलं नव्हतं रे आजवर. मी तुझे आभारच मानते."

दुखऱ्या अंगठ्याच्या हाताने आर्लोने तिचा हात धरला आणि उरलेली वाट एका हाताने गाडी चालवली.

गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. शुक्रवारपासून दाराची घंटा थांबेना. आजाऱ्याच्या घरी चूल पेटू द्यायची नाही, ही त्या गावची माया. रविवारपर्यंत ओट्यावर अकरा ट्रे जमले. पोस्टमास्तरीणबाईंचा होता, रोंडाचा होता. डेल्बर्ट नवी दाढ बसवून इनेझचा ट्रे घेऊन स्वतः आला. एकेका ट्रेवरचा कागद मार्डेलने उचलला. अकराही हॉटडिश तिच्याच कृतीने केलेल्या, आणि आर्लोची आवड ध्यानात ठेवून प्रत्येकाने मशरूम आणखी दुप्पट घातलेले.

"किती करतात रे लोक आपल्यासाठी," मार्डेल म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

आर्लोचेही डोळे भरून आले. त्याने डाव्या हातात चमचा घेतला. लोक खरोखरच फार चांगले होते. पंचाईत होती ती एवढीच.