साळवेकाकांचा बास

आमची मंडळी एका चालीत गाते आणि साळवेकाका दुसऱ्या. शब्द तेच. आम्ही वर चढलो की ते खाली उतरतात. आम्ही थांबलो तरी त्यांचा आवाज ब्रेक न लागलेल्या ट्रकसारखा थोडा पुढे जाऊनच थांबतो.

सानपाड्याला शाळेच्या हॉलमध्ये आमच्या चर्चची रविवारची उपासना होते. मी पेटी वाजवते आणि काका बरोबर माझ्या पाठीमागे उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पुस्तक नाही. सगळी गीतं तोंडपाठ. पडद्यावर शब्द येतात, तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. "गाणं काय सिनेमा आहे बघायला?" तरुण पोरांनी ड्रम आणला तेव्हा म्हणाले, "वाजवा की! पण देवाला ऐकू येतं बरं का." हे सांगतानाही खिडक्या हलल्या.

एका लग्नात पाळकसाहेबांनी "कुणाची हरकत आहे का?" विचारलं आणि नेमका तेव्हाच काकांनी पुढच्या गीतासाठी घसा साफ केला. नवरामुलगा पांढराफटक!

शेवटी पाळकसाहेब मला म्हणाले, "तू पेटीवाली, तूच सांग त्यांना. पण दुखवू नकोस."

संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले. चहा झाला. धीर करून म्हटलं, "काका, ते गाण्यात जरा... बास करा ना."

"बासच तर करतोय!" काका उडालेच. "चला, कुणाला तरी कळलं!"

मग त्यांनीच समजावलं. गीताचे चार आवाज असतात, सगळ्यात खालचा तो बास. "नगरला आमच्या देवळात एकेका बाकावर चारही आवाज असायचे. इकडं आलो तर सगळे एकाच पायरीवर उभे."

"मग एवढी वर्षं तुम्ही एकटेच...?"

"एकटा कशाला? घरी ही होती ना. ती चाल धरायची, मी खालून." काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. काका उठून उभे राहिले. "म्हण बघू तू चाल."

मी भीत भीत सुरू केलं. काका खालून आले. हॉलमध्ये जो आवाज माझा सूर ओढून न्यायचा, तो इथे माझ्या पायाखाली जमिनीसारखा आला. मी एवढी बरी कधीच गायले नव्हते.

दुसरं कडवं सुरू केलं तर मी एकटीच. काकांनी चष्मा काढला होता.

"चुकलं का माझं?"

"नाही गं. घरात बाईमाणसाचा आवाज आला, बऱ्याच दिवसांनी. थांब जरा."

ते खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मग खाकरून परत आले.

"म्हण आता. दुसऱ्या कडव्याला ही नेहमी घाई करायची. तू केलीस तरी चालेल. मी सांभाळून घेतो."