इंगळेबाईंच्या खोडी

इंगळेबाईंना तुम्ही पहिल्यांदा भेटलात, तर नमस्काराला जोडलेले तुमचे हात तसेच राहतील. तोवर त्यांचा अंगठा तुमच्या डोळ्याखाली पोचलेला असेल. खालची पापणी ओढून त्या आतला रंग बघणार, "पांढरं दिसून राह्यलं" म्हणणार, आणि नाव मग विचारणार.

माणूस असो की बकरी, पद्धत एकच. बकरीच्या पोटात जंत वाढले की पापणीच्या आतली लाली जाते. हे त्यांनी आमच्या भागातल्या गावोगावच्या बायांना शिकवलं, आणि शिकवता शिकवता त्यांच्या अंगठ्यालाच ती सवय जडली. एका लग्नात त्या स्टेजवर चढल्या आणि नवरदेवाची पापणी ओढली. "लाल हाय, होऊ द्या लग्न," म्हणाल्या आणि आहेर देऊन उतरल्या. एकदा एका तहसीलदारांची ओढली तेव्हा शिपाई धावत आला. साहेबांनी मुकाट्याने रक्त तपासून घेतलं, तर ते खरंच कमी निघालं. पुढच्या वेळी साहेबांनी बाई दिसताच चष्मा काढून ठेवला.

त्यांचं खरं नाव इंग्रिड. त्या नॉर्वेच्या. पंचविशीत मिशनच्या कामासाठी इकडे आल्या, आता सत्तरी ओलांडली आहे. 'इंग्रिड' हे नाव आमच्याकडे टिकणं कठीणच होतं. इंगळे मात्र गावोगाव आहेत. पांढरकवड्याच्या बाजारात एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, तुम्ही कोणच्या इंगळ्यातल्या?"

"थंड्या भागातल्या," बाई म्हणाल्या, आणि त्याची पापणी ओढली.

मी सलीम. बाईंचा ड्रायव्हर. पांढरकवड्यात अब्बांचं गॅरेज होतं. मिशनची जीप तिथे इतक्यांदा यायची की शेवटी जीपसोबत मीही मिशनमध्ये गेलो. मला बोलायची सवय नाही. बाई बोलतात, मी गिअर टाकतो, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं. शुक्रवारी कामाच्या घाईत माझी नमाज चुकायला लागली की त्याच ओरडतात, "देवाले ताटकळत ठेवतं का कोणी? गाडी लाव तिकडं." त्यांची स्वतःची प्रार्थना रविवारी त्यांच्या खोलीत होते. चारदोन माणसं जमतात, बाई पेटी वाजवतात. पेटी बेसूर आहे की बाई, याचा निकाल अजून लागायचा आहे.

एकदा चौकशीला आलेल्या एका अधिकाऱ्याने विचारलं, "आजवर किती लोकांना ख्रिस्ती केलं तुम्ही?"

बाई म्हणाल्या, "मीच अजून पुरी झाली नाही बापा. दुसऱ्याचं कायले विचारता?"

अधिकारी चहा पिऊन गेला. जाताना स्वतःच्या गावासाठी बकऱ्यांची योजना मागून गेला.

आता जे सांगायचं ते सांगतो. या पावसाळ्यानंतर घाटंजीच्या रस्त्यावर बाई जीपमधून उतरता उतरता खाली बसल्या. ओठ निळे पडले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं आहे, यापुढे एकटं राहू नका. बाहेर आल्यावर बाईंनी मला दम भरला, "कोणाले सांगशीन तर याद राख." मी काही दिवस गप्प राहिलो. मग त्यांच्या बहिणीला नॉर्वेला फोन केला आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. फोन ठेवला. जगवायला म्हणून केला खरा, पण या फोनने आपण बाईंना इथून कायमचं घालवलं, असं वाटलं. हे मी घरीसुद्धा बोललो नाही.

धाकटी बहीण मारेन यायचं ठरलं आणि बाईंच्या अंगात वारं शिरलं. खोलीला चुना, जीपला नवे सीट कव्हर. मला दाढी करायला लावली. बकऱ्यासुद्धा धुतल्या. नागपूरच्या विमानतळावर मारेनबाई बाहेर आल्या आणि बाईंनी मिठी मारायच्या आधी त्यांची पापणी ओढली. मारेनबाईंनी शांतपणे बाईंची ओढली. ते धाडस आजवर कोणी केलं नव्हतं. आत काय दिसलं ते त्या बोलल्या नाहीत, पण मनगट धरलं ते जीपपर्यंत सोडलं नाही.

वाटेत बाईंनी मला विचारलं, "सलीम, मारेनले माह्या तब्येतीचं कसं समजलं?"

"असंच."

"असंच," बाई म्हणाल्या, आणि वडकी येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

मारेनबाई बाईंना कायमचं घेऊन जायला आल्या होत्या. परतीचं तिकीट दोघींचं होतं. बाई हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. "आधी पाठ देऊन येऊ, मग पाहू," एवढंच.

पाठ म्हणजे बकरीचं मादी पिल्लू. बाईंची योजना अशी: एका घराला बकरी द्यायची, आणि तिच्या दर वेताची पहिली पाठ त्या घराने दुसऱ्या घराला द्यायची. पण नुसती नाही. सगळ्यांसमोर उभं राहून देणारीने त्या पाठीच्या खोडी सांगायच्या. घेणारीने त्या ऐकून "चालते" म्हणायचं. मगच दोर या हातातून त्या हातात. बाईंचा हेतू प्रामाणिकपणा वाढावा असा होता. वाढली ती कल्पनाशक्ती. ज्या बाईला पाठ सोडवत नाही ती इतक्या खोडी सांगते की घेणारीने घाबरून नको म्हणावं.

यात झरी जामणीच्या जंगलातल्या भीमाबाईचा हात धरणारं कोणी नाही. तिच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, आम्ही दुपारी पोचलो तेव्हा सगळ्या बाया ठेवणीतली लुगडी नेसून जमल्या होत्या. पोरं जीपच्या टपावर. बाईंच्या बहिणीला बघायला शेजारच्या दोन पोडांवरूनही माणसं आली होती. भीमाबाई दोर धरून उभी राहिली.

"ही पाठ भल्ली वाईट हाय. सोयाबीनमंधी घुसते. रातभर वरडते. माह्या नवऱ्याची टोपी खाल्ली हिनं."

बाई म्हणाल्या, "मांगच्या पाठीनंबी टोपीच खाल्लीती. तुह्या नवऱ्यापाशी टोप्या हायत तरी किती?"

सगळं पोड हसलं. भीमाबाईचा नवरा टोपी घालूनच बसला होता, त्याने ती हळूच काढून मांडीखाली घेतली. पलीकडच्या घरची सून "चालते" म्हणाली. दोर गेला. बाई मारेनबाईंना सगळं त्यांच्या भाषेत समजावत होत्या, दोघी पोरींसारख्या हसत होत्या.

भीमाबाई मात्र खाली बसली नाही. ती मारेनबाईंकडे वळली.

"आता हिच्या सांगते," ती म्हणाली, आणि बाईंकडे बोट केलं. "घेऊन चालली ना तू हिले? मंग ऐक. बाई, तू सांग तिले तिच्या बोलीत."

दोन्ही भाषा येणारं माणूस तिथे एकच होतं. बाईंना स्वतःच्याच खोडी स्वतःच्याच तोंडाने सांगायची पाळी आली.

"ही कोणाचं आयकत नाही."

बाईंनी दोन शब्दांत उरकलं. मारेनबाईंनी मान हलवली, ही बातमी त्यांना जुनीच असावी.

"मिरचीचा ठेचा खाते अन् मंग पोट धरून बसते. पेटी वाजवते, सूर लागत नाही, अन् सांगतलं तर रुसते. डाक्टरच्या गोया बकरीच्या चाऱ्यात टाकते."

"हे खोटं हाय," बाई म्हणाल्या.

"तू निस्तं सांग. घेणारी पाहून घेईन."

मग सगळ्याच बायांना कंठ फुटला. घोरते. पावसात छत्री घेत नाही. लोकांच्या नवऱ्यांना रागावते. बाई भाषांतर करता करता लाल झाल्या, आणि मारेनबाई डोळे पुसत हसत होत्या. मला कळत होतं भीमाबाईचं काय चाललं आहे. तिला "नको" ऐकायचं होतं.

गलका ओसरल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "अन् ही कोणाघरी मुक्काम करत नाही. इतके वर्स झाले. माह्या पोरांच्या येळी आली, पोरगं हातात घेतलं, अन् दिवस बुडाच्या आंधी निंगून गेली. काहून म्हणलं तं काम हाय म्हणते. काम नाई. सवय लागंन म्हणून भेते ही."

बाईंनी भाषांतर केलं नाही. त्या जमिनीकडे बघत होत्या.

इतकी वर्षं मी रोज दिवस बुडायच्या आत त्यांना परत आणलं. मला वाटायचं, मिशनची शिस्त असेल. मारेनबाई माझ्याकडे बघून थांबल्या. मी कधी मध्ये बोलत नाही, पण त्या दिवशी बोललो. भीमाबाईचं म्हणणं जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, थांबवलं नाही.

मारेनबाई जे म्हणाल्या ते मी मराठीत सांगितलं. बाई सुट्टीवर घरी गेल्या की आईने त्यांच्यासाठी कपाट रिकामं करून ठेवलेलं असायचं. बाई कपडे बॅगेतच ठेवायच्या. जायच्या दिवसापर्यंत.

"म्हणजे तिकडंबी नाही राह्यली," भीमाबाई म्हणाली. "इकडं नाही, तिकडं नाही. मंग राह्यली कुठं व माय?"

मी तेही इंग्रजीत सांगितलं. मारेनबाई उठल्या, भीमाबाईसमोर उभ्या राहिल्या आणि दुपारी ऐकलेला एकच शब्द जपून उच्चारत म्हणाल्या, "चालते."

नियम म्हणजे नियम. भीमाबाईने रिकाम्या हातांकडे पाहिलं. "माहीच चूक झाली," ती म्हणाली. "खोडी कमी सांगतल्या."

"नाही व. सगळ्या सांगतल्या तुनं," बाई म्हणाल्या. "जाते मी मारेनसंगं. जाऊ दे मले."

ऊन उतरलं होतं. मी सवयीने जीपकडे गेलो आणि इंजिन सुरू केलं. बाई मागून आल्या, खिडकीशी वाकल्या.

"फोन करून बरं केलं का वाईट केलं, हे मले आज नाई सांगता येत, सलीम. बंद कर गाडी."

मी बंद केली. त्यांनी मागच्या सीटवरून नेहमी गाडीत असणारी आपली बॅग काढली, मारेनबाईंची काढली, आणि दोन्ही घेऊन भीमाबाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. एरवी कोणाच्या घरात शिरताना कधी न दिसलेला संकोच त्यांच्या तोंडावर होता.

"भीमा, आज मुक्कामाले जागा हाय का व तुह्या घरी?"

भीमाबाई चूल पेटवत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"कवाची हाय," ती म्हणाली.