शेवाळरावांनी मिळवून दिलेला न्याय

“येत्या रविवारी चिखल्यांना न्याय मिळवून दिला नाही, तर बापाचं नाव लावणार नाही!”

चष्मेवाल्यांनी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली. पाण्याचा ग्लास कलंडला. बायकोनं शांतपणे फडकं पुढे सरकवलं.

“आधी टेबल पुसा. मग न्याय.”

चिखले कोण, हे आता सांगायलाच हवं. चष्मेवाले दिवसभर एका दुकानात लोकांच्या चष्म्यांत काचा बसवत, आणि घरी आले की संगणकावरच्या एका राज्यात जाऊन बसत. या राज्यात लोक घरबसल्या एकेक पात्र घेतात, त्याच्या तोंडून लिहितात आणि सगळे मिळून एक लांबलचक गोष्ट पुढे ढकलत राहतात. कोणी यक्ष होतो, कोणी बुटका होतो. खरं तर सगळेच यक्ष होतात! उंच, गोरेपान, कधी म्हातारे न होणारे, लांब केसांचे. ज्यांच्या डोक्यावर प्रत्यक्षात एक केस नाही, ते तर हटकून यक्ष!

चष्मेवालेही सुरुवातीला यक्षच होते. पण त्या रूपवान गर्दीत त्यांना कोणी हिंग लावून विचारेना. म्हणून त्यांनी चिखल्याची जात पत्करली. चिखले म्हणजे दलदलीत राहणारे, हिरव्या कातडीचे, बोटांना पडदे असलेले लोक. अख्ख्या राज्यात हा एकच चिखला, नाव शेवाळराव. आता तरी आपण उठून दिसू, असा हिशेब होता. उठून दिसले खरे, पण फक्त ड्रॅगनला! ड्रॅगन किती भयंकर आहे हे दाखवायचं असलं की पहिला घास शेवाळराव. मोहिमेवर निघायचं तर यक्षांना घोडे आणि शेवाळरावांना गटाराचं झाकण उचलायचं काम. एका यक्षकन्येला त्यांनी नम्रपणे नमस्कार केला, तर तिनं नाकाला रुमाल लावल्याचं सविस्तर वर्णन लिहिलं.

तळपायाची आग मस्तकात गेली! शेवाळरावांनी दरबारात अर्ज ठोकला: चिखल्यांना दरबारात एक आसन हवं!

यक्षराजानं उत्तर दिलं, “विचार चांगला आहे. पण चिखला तू एकटाच. एका माणसाला समाज कसं म्हणायचं? निदान अजून एक चिखला दाखव.”

झालं! चष्मेवाले घरभर फिरून माणूस शोधू लागले. घर केवढं, तर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधला हॉल. एका खोलीत नवराबायको झोपत. मागच्या खोलीला दार होतं, खिडकी होती, खिडकीत ऊन होतं, आणि आत चष्मेवाल्यांचा संगणक होता. हॉलमध्ये सोफ्यावर सासूबाई होत्या. गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्या लेकीकडे राहायला आल्या, त्याला आता बरेच महिने झाले होते.

“अगं, तू हो ना चिखली!” चष्मेवाले बायकोला म्हणाले.

“मला घरातली कामं आहेत. आणि अहो, आईच्या त्या खोलीचं काय झालं? हॉलमध्ये तिला धड झोप लागत नाही.”

“देतो म्हटलंय ना! दरबाराचं एवढं एक मार्गी लागू दे. एका अख्ख्या समाजाचा प्रश्न आहे!”

“आणि आईचा?”

“त्या कुठे समाज आहेत? त्या एकट्याच आहेत!” असं म्हणून चष्मेवाले मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

बायकोनं आपला जुना फोन काढला आणि आईजवळ सोफ्यावर जाऊन बसली.

“आई, तुझ्या जावयाला एक माणूस हवंय. दलदलीत राहायचं, कोणी विचारत नाही, येणारा जाणारा तुडवून जातो. जमेल?”

“त्यात मला वेगळं काय करायचंय?” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा नाकावर चढवला.

त्या संध्याकाळी राज्यात ‘बेडकीआजी’ नावाची एक म्हातारी चिखली अवतरली. शेवाळरावांना तर आकाश ठेंगणं झालं! ही आजी कोण, कुठली, हे विचारायची सोय नव्हती. मुखवट्यामागे डोकावायचं नाही, हा त्या राज्याचा पहिला नियम. जो डोकावेल तो हद्दपार. तेव्हा घरात एक चष्मेवाले सोडले तर ही आजी कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना म्हणजे उरलेल्या दोघींना.

आजीनं आल्या आल्या दरबार जिंकला. यक्ष लोक चंद्रप्रकाशावर पानंच्या पानं लिहीत असताना ती लिहायची, “चंद्र ठीक आहे रे बाळा, पण गुडघ्यांना ऊन लागतं.” यक्षांनाही प्रत्यक्षात गुडघे होतेच. त्यांना गहिवरून यायचं.

आता यक्षराजाला टाळाटाळ करता येईना. त्यानं अट घातली. चिखल्यांवर खरोखर अन्याय होतो हे शेवाळरावांनी रविवारच्या दरबारात दाखवून द्यावं. एक तरी गाऱ्हाणं मांडावं, ठराव करून घ्यावा आणि तो सूर्यास्ताच्या आत अमलात आणून दाखवावा. जमलं तर आसन कायमचं शेवाळरावांचं. नाही जमलं तर विषय बंद.

चष्मेवाल्यांनी ताबडतोब आजीला निरोप धाडला, “आजी, तुमच्यावर झालेला अन्याय सांगा! काही आडपडदा ठेवू नका!”

“सांगते हो, सावकाश लिहिते,” आजीचं उत्तर आलं. हॉलमध्ये सासूबाई एका बोटानं अक्षर शोधत होत्या.

या गडबडीत दुकानात भलतंच घडलं. शेजारच्या शिंपीदादांच्या चष्म्यात काचा बसवता बसवता चष्मेवाले मनातल्या मनात दरबारातलं भाषण करत होते. “डावं-उजवं करणाऱ्यांनो!” असं ते मनात गरजले, आणि डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसली. दुसऱ्या दिवशी शिंपीदादा एक कोट घेऊन दुकानात आले. त्याची एक बाही मनगटापर्यंत होती आणि दुसरी कोपरापाशी संपली होती.

“हा कोट कोणाला बसेल, तेवढं सांगा!” शिंपीदादा म्हणाले. “गिऱ्हाइकानं घातला तेव्हा मला वाटलं, माणूसच वाकडा आहे! मी त्याला सरळ उभं राहायला सांगत होतो!”

दुकानाच्या मालकांनी कपाळाला हात लावला आणि हुकूम काढला, की रविवारपर्यंत चष्मेवाल्यांचा फोन दुकानात आल्याबरोबर गल्ल्याच्या खणात. त्यातच शिंपीदादांच्या चष्म्यामुळे दुकानातले सगळे चष्मे पुन्हा तपासायचं काम अंगावर पडलं. घरी येईतो चष्मेवाल्यांना डोळे उघडे ठेवणं मुश्कील व्हायचं. आजीनं गाऱ्हाणं लिहून पाठवलं, पण ते वाचायचं राहिलं ते राहिलंच.

रविवारी दुपारी दरबार भरायच्या आधी बायकोनं मागच्या खोलीच्या दारातून विचारलं, “अहो, त्या आजीनं काय लिहिलंय ते एकदा नीट वाचलंत का?”

“अन्याय वाचत बसायचा नसतो, उखडून टाकायचा असतो! दार लाव, हॉलमधून आईंच्या खोकल्याचा आवाज येतोय.”

बायकोनं दार लावलं. जरा जोरातच लावलं.

दरबार भरला. यक्ष झाडून सगळे हजर. बेडकीआजी बोलायला उठली, म्हणजे तिचं लिहिणं पडद्यावर उमटू लागलं.

“महाराज, मी म्हातारी चिखली. ज्यांच्या घरी राहते ती माणसं वाईट नाहीत. पण त्या घरात दार असलेली एक खोली आहे, तिथं घरधनी एकटाच बसतो. मी बाहेर वाटेत झोपते. जो पाण्याला उठतो तो माझ्या पायांवरून जातो.”

“पायांवरून!” शेवाळरावांनी लिहिलं. कळफलक थरथरला.

“माझ्या उशाशी एक मोठी पांढरी पेटी आहे. ती दिवसरात्र घूं घूं करते. मध्येच गप्प होते आणि आता झोप लागेल म्हणेस्तोवर दचकून पुन्हा सुरू होते.”

“हा जादूटोणा आहे! एका वृद्धेच्या उशाशी भूत बांधलंय!” शेवाळराव कडाडले. भिंतीपलीकडे हॉलमधला फ्रिज घूं घूं करत होता. पण त्यांचं तिकडे लक्ष कुठलं असायला!

“घरधन्याला सांगायला गेलं, की तो म्हणतो थांबा, मी महत्त्वाच्या कामात आहे. काम काय, तर चिखल्यांना न्याय मिळवून देण्याचं.”

दरबारात एकच हलकल्लोळ झाला! यक्षांनी तलवारी उपसल्या. एका बुटक्यानं दाढी उपटून घेतली. आणि शेवाळरावांच्या अंगात तर वीरश्री संचारली!

“ढोंगी! आमच्या चळवळीच्या नावावर खोली बळकावणारा भामटा! महाराज, याला सोडू नका!”

“शिक्षा तूच सांग,” यक्षराजा म्हणाला.

“सूर्यास्ताच्या आत खोली रिकामी! सामान त्यानं स्वतः उचलायचं! आजीचा बिछाना त्यानं स्वतःच्या हातानं घालायचा! आणि आजी जिथं झोपत होती, तिथं यापुढे तो झोपेल!”

“आणि ती पेटी?” बुटक्यानं विचारलं.

“पेटी त्याच्या उशाशी!”

ठराव एकमतानं मंजूर झाला. शेवाळरावांवर फुलं उधळल्याची वर्णनं येऊ लागली. ज्या यक्षकन्येनं नाकाला रुमाल लावला होता, तिनं त्याच रुमालानं डोळे पुसले. चष्मेवाले खुर्चीत मागे रेलले. आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं एकाच वेळी त्यांचं ऐकत होती, आणि त्यांना अगदी भरून आलं होतं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात सासूबाई उभ्या होत्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात उशी. मागे बायको, हातात गादीची वळकटी.

“जावईबापू, बिछाना तुम्ही घालायचाय,” सासूबाई संकोचून म्हणाल्या. “म्हणजे, तसा ठराव आहे म्हणून.”

चष्मेवाल्यांनी फोनकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. तोंडचं पाणी पळालं!

“आई... तुम्ही?”

“मुखवट्यामागे डोकावायचं नाही,” बायको म्हणाली.

“अगं, पण तो खेळ आहे! खेळातलं बोलणं कोणी असं मनावर घेतं का?”

“नाही घ्यायचं? बरं. मग आसनही खेळातलंच असेल. आई, कळवून टाक त्यांना, खोली मिळाली नाही म्हणून.”

सासूबाईंचं बोट फोनकडे निघालं.

“थांबा!” चष्मेवाले ओरडले आणि त्यांनी संगणकाची वायर उपसली.

सामान उचलता उचलता त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. खेळ कुठला, घर कुठलं, लोकांना ताळतंत्र उरलेलं नाही, वगैरे. पण बिछाना घालून झाल्यावर सासूबाई गादीवर टेकल्या, त्यांनी पाय लांब केले आणि खिडकीतलं ऊन गुडघ्यांवर घेतलं. मग उठून दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं. ते पाहून चष्मेवाल्यांचा पट्टा थांबला. त्यांना मनापासून लाज वाटली. आणि ही लाज इतक्या यक्षांच्या साक्षीनं आपणच ओढवून घेतली, याची त्याहून जास्त वाटली.

सूर्यास्ताच्या आत बेडकीआजीचा निरोप दरबारात पोचला, “खोली मिळाली. सगळ्यांचं भलं होवो.” जयघोष झाला. चिखल्यांना आसन मिळालं!

शेवाळराव त्या वेळी सोफ्यावर बसले होते. संगणक मांडीवर, फ्रिज उशाशी, आणि बायको ताटं घेऊन त्यांच्या पायांवरून ये-जा करत होती. आभाराचं भाषण तर करायलाच हवं होतं. अवघं राज्य वाट बघत होतं. ते जोशात लिहू लागले, “बंधूंनो, आज शतकांची झोप मोडली...”

मध्येच पडद्यावर बेडकीआजीचा खासगी निरोप उमटला.

“शेवाळराव, अभिनंदन हो. कळफलक जरा हळू बडवता का? दार लावलंय तरी आवाज येतोय.”

शतकांची झोप तिथंच सोडून शेवाळरावांनी उरलेलं भाषण एका बोटानं लिहिलं.