सोनटक्के सरांचा राग

वाघोलीच्या आमच्या सोसायटीत सोनटक्के सरांना ‘पाच मिनिटांत आलो’ असं म्हणायची सोय नाही. त्यांच्या गळ्यात स्टॉपवॉच असतं. मी एकदा तसं बोललो आणि घरात गाडीची चावी शोधत बसलो. खाली आलो तर सर पार्किंगमध्ये तसेच उभे.

“सोळा मिनिटं बावीस सेकंद. त्रुटी दोनशे सत्तावीस टक्के. अहो खैरे, एवढ्या त्रुटीत लोक माझ्याकडे नापास व्हायचे.”

मी बारावीला फिजिक्समध्येच नापास झालेला.

सर फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक. राग मात्र अजून सेवेत. लिफ्टमधली ‘सहा माणसे’ ही पाटी बघून ते रोज नव्याने चिडतात. “कुठली सहा? माझ्यासारखी की तुमच्यासारखी?” आणि गणितावर तर जन्माचा दात. “खडूशिवाय कशाला हात लावत नाहीत हे लोक. आयुष्यात एकदा तरी शॉक बसलाय का त्यांना?”

अशा माणसाकडे मी आपण होऊन मुलीला पाठवली. सई बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. पुढच्या दोन वर्षांसाठी मुख्य विषय निवडायचा होता, गणित की फिजिक्स. ती सकाळी एक सांगायची, संध्याकाळी दुसरं. मला फिजिक्सच हवं होतं. आपण ज्या विषयात आपटलो, त्याचा सूड मुलीकरवी घ्यायचा असतो.

तीन आठवडे ती रोज संध्याकाळी सरांकडे. तिसऱ्या मजल्यावरचा आवाज आम्हाला दुसऱ्यावर ऐकू यायचा. “लंबकाचे झोके मोज, झोके! कोन लहानच का घ्यायचा हे आत्ता कशाला हवंय तुला?” मला वाटलं, झालं, फिजिक्स पक्कं.

विषय कळवायच्या शेवटच्या दिवशी सकाळी सई लॅपटॉपवर फॉर्म उघडा ठेवून आंघोळीला गेली. मी फिजिक्सवर टिचकी मारली, माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला आणि पेढे घेऊन सरांकडे हजर.

“सर, जिंकलात! सईचं फिजिक्स मीच भरून टाकलं.”

सरांनी तोंडापर्यंत नेलेला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

“शिकणार ती आणि ओटीपी तुमचा?”

“पण सर, तुमचाच विषय...”

“माझा असला म्हणून? तीन आठवडे बघतोय मी! आकडा चुकला तर तिला काही वाटत नाही. सूत्र कुठून आलं ते कळलं नाही तर चहा गार होईपर्यंत बसून राहते. गणिताची आहे ती, खैरे! आज तिला हेच सांगणार होतो!”

कॉलेजची खिडकी पाचपर्यंत उघडी होती. सर, सई आणि मी रिक्षाने निघालो. सर वाटभर मला झापत होते. रिक्षावाला मध्येच हसला, तर त्यालाही झापलं. खिडकीवर क्लार्क म्हणाला, “एकदा सबमिट झालं की बदल नाही.”

“तिने केलंच नाही सबमिट. या गाढवाने केलं.”

मी मान डोलावली. माझा गाढवपणा पुरावा म्हणून प्रथमच कुणाच्या उपयोगी पडला. क्लार्कने कोरा अर्ज पुढे सरकवला.

“बोल,” सर सईला म्हणाले, “काय हवंय?”

“गणित. पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“मला वाईट वाटायला मी काय अभ्यासक्रमात आहे? लिही!”

तिने लिहिलं आणि सही केली. परतताना सर एक शब्द बोलले नाहीत. ते मला झापण्यापेक्षा जड गेलं.

संध्याकाळी माफी मागायला वर गेलो. दार उघडंच होतं. टेबलावर एक फाइल होती, वर वळणदार अक्षरात ‘सई खैरे, दुसरे व तिसरे वर्ष’. आत चाळीस प्रयोग, कुठल्या महिन्यात कुठला ते लिहिलेलं. कडेला बारीक टिपणं. ‘तिचा चष्मा आहे, पडदा जवळ घेणे.’ ‘हा लांबतो, आधी खायला देणे.’ शेवटच्या प्रयोगापुढे, ‘नंतर काय, विचार करणे.’

सर खिडकीशी पाठमोरे उभे होते.

“वाचलंत ना? आता घेऊन जा ते,” ते खेकसले. “पाठकोरे कागद आहेत. गणिताला कागद फार लागतो.”