राणीने दार लावून घेतले

जरीनाने गुंडाळी सोडली आणि आतून गेनबा निघाला.

खरं तर निघायला हवा होता सोरेवान. एल्फांचा राजा, वय तीन हजार शंभर वर्षं, चंदेरी केस, टोकदार कान. त्याच्या जागी फेटा बांधलेला, मिशीला पीळ दिलेला गेनबा झाडाच्या बुंध्याशी बसून तिच्याकडे रोखून बघत होता. त्याच्या डोक्यावरून फांद्या फुटल्या होत्या, पानापानावर एकेक पुरुष होता आणि थेट शेंड्यावर काळा गॉगल लावलेले आप्पासाहेब विराजमान होते.

"अब्बू!" जरीना ओरडली.

स्वारगेटच्या मागच्या गल्लीतल्या आपल्या फ्लेक्सच्या दुकानात मकबूलभाई रविवारचा पहिला चहा बशीत ओतत होते. ते उठून आले, त्यांनी गेनबाकडे पाहिलं आणि बशी शांतपणे खाली ठेवली.

"हा लोणी काळभोरच्या झाडाचा मूळ पुरुष आहे, बेटा. आप्पासाहेबांच्या भावकीचा मेळावा आहे ना आज."

"मग माझा कुठंय?"

मकबूलभाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आप्पासाहेबांचा माणूस भैरू नऊ वाजता मोटरसायकलवर येऊन गुंडाळी घेऊन गेला होता. रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून फ्लेक्स छापील बाजू आत ठेवून गुंडाळतात आणि बाहेरून मार्करने ओळखीपुरतं लिहितात. मकबूलभाईंनी दोन्ही गुंडाळ्यांवर स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'वंशावळ. अर्जंट.'

दुसरा कुठलाही फ्लेक्स असता तर वीस मिनिटांत नवा छापून झाला असता. पण या फ्लेक्सवर नुसतं झाड छापलेलं होतं. चेहरे जरीनाने अकरा रविवार खर्चून सोनेरी-चंदेरी शाईने हाताने काढले होते. आणि आज चार वाजता मतदान होतं.

आता हे मतदान कसलं, ते सांगायला हवं. एल्फांच्या राजघराण्यावर एक नऊ खंडांची परदेशी महाकादंबरी आहे. पुण्यात तिचे चाहते आहेत आणि पुण्यात दोन चाहते भेटले की मंडळ होतं, तिसरा आला की घटना लिहिली जाते. तसं 'एल्फकुल अभ्यास मंडळ' झालं होतं. अध्यक्ष श्यामसुंदर सर. त्यांनी नऊही खंड अकरा वेळा वाचले होते आणि कोणी काहीही बोललं की ते चष्म्यावरून बघत एकच शब्द उच्चारायचे, "पुरावा?" मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीतसुद्धा त्यांनी 'पुरावा' असा वेगळा रकाना आखून घेतला होता. सभा त्यांच्याच घरी भरायची आणि तीस माणसांचा चहा त्यांच्या पत्नी हेमाताई तीन-तीनदा करायच्या.

भांडण होतं सोरेवानच्या राणीवरून. नऊ खंडांत तिच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं. चौथ्या खंडात, पान दोनशे बारावर, 'राणीने दार लावून घेतले.' नाव नाही, गाव नाही. श्यामसुंदर सरांनी त्या वाक्यावर चाळीस पानी निबंध लिहून राणीला फितूर ठरवलं होतं. मंडळाच्या वंशवृक्षावर तर तिला जागाच नव्हती. सोरेवानची सात मुलं थेट सोरेवानलाच फुटली होती.

जरीनाला हे सहन होत नव्हतं. तिने त्या एका वाक्यावरून राणीचं अख्खं आयुष्य रचलं होतं आणि तिला नाव दिलं होतं, नसिमेल. तिची दादी नसीमबानू हिच्यावरून. दादीने मंडईत भाजी विकून पाच मुलं वाढवली, पण तिचं नाव रेशनकार्ड सोडलं तर कुठेही लिहिलं गेलं नाही. आज मतदानात जरीना हरली, तर मंडळाच्या छापील ग्रंथात राणीवाचून वंशवृक्ष कायमचा जाणार होता. मग नसिमेल गेली ती गेलीच.

"चल," मकबूलभाई स्कूटरची किल्ली घेत म्हणाले. "अजून फ्लेक्स टांगला नसेल."

हडपसरच्या गर्दीत अर्धा तास गेला. जरीना मागे गेनबाला भाल्यासारखा उभा धरून बसली होती आणि दर दोन मिनिटांनी भैरूला फोन लावत होती. भैरू उचलत नव्हता, कारण भैरू फ्लेक्स टांगत होता.

ते लोणीत पोचले तेव्हा मांडव खचाखच भरला होता. तीनशे माणसं बसली होती आणि एकही जण हलत नव्हता. पडदा सरकवून झाला होता. झाडाकडे पाठ करून आप्पासाहेब माइकवर बोलत होते.

"माझ्या पाठीमागं हे जे झाड दिसतंय, ते आपलं मूळ हाय! तोंडं नीट बघून घ्या. ह्येंचंच रगात आपल्या अंगात हाय!"

तीनशे माणसं तोंडं नीट बघत होती. आप्पासाहेबांच्या मागून सोरेवान, टोकदार कानांचा आणि चंदेरी केसांचा, सगळ्या भावकीकडे थंड नजरेने बघत होता. सांगायची हिंमत कोणाची होत नव्हती. आप्पासाहेबांना चूक दाखवणं म्हणजे विस्तवात हात घालणं, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. शेवटी त्यांचा धाकटा भाऊ सर्जेराव उठला. दोघे भाऊ बांधावरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे तो छपराकडे बघून बोलला.

"कुनीतरी आप्पाला पैलं नाव वाचाय सांगा रं."

आप्पासाहेब वळले. त्यांनी सोरेवानला पाहिलं. सोरेवानने त्यांना पाहिलं. पण माघार घेतील तर ते आप्पासाहेब कसले!

"ह्यो... आपला मूळ पुरुष," ते ठासून म्हणाले.

"वय तीन हजार शंभर लिवलंय," मागून कोणीतरी म्हणालं.

"पैल्यांचं खानंपिनंच तसं हुतं."

"आन कान वो?"

"कानाचं काय इचारतो?" आप्पासाहेबांनी फेटा वर सरकवला. "हे बघ!"

कान खरोखरच टोकदार होते. आजवर ते फेट्याखाली असल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नव्हते, इतकंच. मांडवात कौतुकाची कुजबुज झाली. आणखी दोन मिनिटं गेली असती, तर भावकीने एल्फांचं कुळ रीतसर स्वीकारलं असतं. पण मकबूलभाई हात जोडून पुढे आले.

"आप्पासाहेब, माफी असावी. माझ्या हातून अदलाबदल झाली. तुमचा हा आणलाय."

आप्पासाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच चेहरा रागीट केला. "तरी मी म्हनतच हुतो! भैरू, उतरव त्यो!"

भैरू शिडीवर चढला. जरीनाच्या जिवात जीव आला. साडेबारा होत होते, अजून वेळ होता.

"थांब रं भैरू. त्यो फ्लेक्स उतरायचा न्हाई."

आवाज बायकांच्या बाजूने आला होता. आप्पासाहेबांच्या पत्नी मुक्ताबाई पदर खोचून उभ्या होत्या. नवऱ्याचं भाषण चालू असताना त्यांनी झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत वाचून काढलं होतं.

"ह्या राजाच्या शेजारी बाई हाय. नाव हाय तिचं, नसिमेल. तीन पोरी हायत, सुना हायत. आता आपलं झाड उलगडा बघू."

गेनबाचा फ्लेक्स उलगडला गेला. भैरूने मोजलं. दोनशे त्रेचाळीस पुरुष. बाई एकही नाही.

"हेळव्याच्या पोथीत हाय तसंच लिवलंय," आप्पासाहेब म्हणाले. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा हेळवी पुढच्याच रांगेत बसला होता. त्याने लगबगीने मान डोलावली. "पोथीत बायका न्हाईत. उगं कुनाचीबी नावं कशी घालायची? पुरावा कुठाय?"

तो शब्द ऐकून जरीना दचकलीच. इथेही?

"पुरावा?" मुक्ताबाई दोन पावलं पुढे आल्या. "तुमी हाय की उभं! का फांदीला लागला हुता?"

बायकांची बाजू फुटून हसली. मग पुरुषांचीही हसली. हेळव्याने पोथी हळूच मांडीखाली सारली.

मुक्ताबाईंनी जरीनाला जवळ बोलावलं. "ही राजाची बाई तूच काढलीस न्हवं? मग आमच्याबी काढ. चेहरे राहू दे, नावं लिव. तुझं झाड मग खुशाल घेऊन जा."

"काकी, मला चार वाजता पुण्यात..."

"मग लिव की पटापटा!"

जरीनाने सोनेरी मार्कर काढला. बायका रांगेने येऊ लागल्या. "माझी आजेसासू तुळजाबाई. शिवेचा दावा तिनं कोर्टात उभं ऱ्हाऊन जितला, आन पानावर तिच्या दादल्याचा फोटू!" कोणी पणजीचं नाव सांगितलं, कोणी सासूची सासू आठवली, एका म्हाताऱ्या बाईने पाच पिढ्या तोंडपाठ म्हटल्या आणि हेळव्याने गुपचूप पोथी काढून त्या उतरून घेतल्या. गेनबाच्या शेजारीही नाव आलं. हात भरून आला तरी जरीना लिहीत राहिली. आपल्या दादीसाठी असं कोणी रांगेत उभं राहिलं असतं तर, असं तिला वाटलं.

सगळ्यात शेवटी एका बाजूने सर्जेराव आला आणि दुसऱ्या बाजूने आप्पासाहेब. दोघे एकदमच म्हणाले, "मैना."

अकरा वर्षांत दोघांच्या तोंडून एकाच वेळी निघालेला तो पहिला शब्द. आईचं नाव. दोघेही खाली बघू लागले.

"जरा मोठ्या अक्षरात लिव," आप्पासाहेब म्हणाले.

"व्हय. आप्पा म्हनतोय तसं," सर्जेराव म्हणाला.

पावणेतीन वाजता फ्लेक्सची अदलाबदल झाली. पण मुक्ताबाई काही सोडेनात. पुण्यात राणीवर मतदान आहे, हे त्यांना लिहिता लिहिता कळलं होतं. "आमीबी येतो. जीप हाय. आमच्यापायी उशीर झाला तुला." पाच जणींना घेऊन त्या जीपमध्ये चढल्या. मकबूलभाई स्कूटरवरून मागे निघाले.

चारला दोन मिनिटं कमी असताना नसिमेल श्यामसुंदर सरांच्या दिवाणखान्यात भिंतीवर चढली. एकतीस सभासद दाटीवाटीने बसले होते. लोणीच्या सहा जणी पुढे सतरंजीवर बसल्या. हेमाताई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

सरांनी फ्लेक्स निरखून पाहिला. "रेखाटन छान. पण ही नसिमेल... पुरावा?"

या प्रश्नाला उत्तर म्हणून जरीनाकडे बारा पानांचं टिपण होतं. ते तिने पिशवीतच राहू दिलं.

"सर, सोरेवानला सात मुलं आहेत. ती काय फांदीला लागली होती?"

हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. "तर्क म्हणून मान्य. राणी असेल. पण फितूर होती! ऐन युद्धात तिने दार लावून घेतलं. का?"

"काय झालं हुतं त्या दिशी?" मुक्ताबाईंनी विचारलं.

जरीनाने त्या पानावरचं सांगितलं. नऊ दिवस घरात जखमी सैनिक होते. सातही मुलं लहान. त्यांचं सगळं कोण करत होतं, ते पुस्तकात नव्हतं. दहाव्या दिवशी राजा लढाई जिंकून आला, चाळीस सरदारांना घेऊन, आणि दारातूनच म्हणाला, जेवणाचं बघा. पुढचं वाक्य, राणीने दार लावून घेतले.

मुक्ताबाई सरांकडे वळल्या.

"अवो, ह्याला चाळीस पानं कशाला लागत्यात? दमली हुती ती. कुनाच्या तोंडावर न्हाई लावलं दार. घटकाभर टेकायला लावलं, आपल्यापुरतं."

नऊ खंड, अकरा पारायणं, सहा वर्षांच्या चर्चा, आणि हे कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि टाळ्या थांबेनात.

मतदान झालं. एकतीसपैकी अठ्ठावीस हात नसिमेलच्या बाजूने वर गेले. मुक्ताबाईंनीही हात वर केला.

"आपण सभासद नाही आहात," सर म्हणाले.

"मग घ्या करून."

जरीनाने दाराशी उभ्या असलेल्या मकबूलभाईंकडे पाहिलं. आपल्या अम्मीचं अर्धं नाव भिंतीवर सोन्याने लिहिलेलं ते वाचत होते आणि रुमालाने चष्मा पुसत होते. तिला इतका आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं. पण सभा अजून संपली नव्हती, कारण अध्यक्षांचा समारोप बाकी होता.

"मी मतदानाचा आदर करतो," सर उभे राहून म्हणाले. "नसिमेल ग्रंथात जाईल. मात्र माझा भिन्न अभिप्राय नोंदवून घ्या. घरात पाहुणे बसलेले असताना निव्वळ दमली म्हणून कोणतीही गृहिणी असं दार लावून घेईल, याला जगात एकही पुरावा नाही." मग ते सवयीने स्वयंपाकघराकडे वळले. "हेमा, चहा टाक गं पुन्हा. आता अडतीस कप. आणि लोणीकर मंडळींसाठी पोह्यांचंही बघ."

हेमाताईंनी हातातला ट्रे टीपॉयवर ठेवला. एकदा भिंतीवरच्या नसिमेलकडे पाहिलं, एकदा मुक्ताबाईंकडे. मुक्ताबाईंनी मान डोलावली. हेमाताई आत गेल्या, त्यांनी दार लोटलं आणि सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशी आतून कडी घातली.

सर उभेच राहिले. मंडळाच्या चिटणिसाने घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली, पाच वाजून दहा मिनिटं, आणि शेजारच्या 'पुरावा' या रकान्यात नोंद केली, 'समक्ष पाहिला.'